बिनटिंबाचा मा

सदतीस वर्षं मी वाशीमच्या एका शाळेत बाबू होतो. या काळात मी सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल तर 'मा.' 'प्रति, मा. शिक्षणाधिकारी साहेब' असं लिहिल्याशिवाय सरकारी कागद हलत नाही. मा. म्हणजे माननीय. ज्यांना तो लावला त्यातल्या निम्म्यांना मी घरी चहालाही बोलावलं नसतं, पण बाबूला निवड नसते. समोरून नाव आलं की आधी मा, मग टिंब, मग नाव.

माझ्या नावाला मात्र तो कोणी लावला नाही. निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभाची पत्रिका निघाली. तिच्यात अध्यक्षांना मा., पाहुण्यांना मा., ज्याने मंडप फुकट दिला त्यालाही मा. खाली 'सत्कारमूर्ती : शेषराव, लिपिक.' पत्रिका छापायला मीच दिली होती, त्यामुळे स्वतःला मा. लावून घेणं शक्य नव्हतं, आणि बाकी कोणाला सुचलं नाही. नऊ वर्षं झाली, अजून आठवलं की राग येतो.

नोकरीत मला मिरवायला एकच गोष्ट होती. माझ्या हातच्या दाखल-खारीज रजिस्टरात खाडाखोड नाही. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली नोंद या रजिस्टरात होते, आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या नोंदीच्या मागे चालतं. तपासणीला येणारे साहेब पानं उलटून म्हणायचे, अक्षर पाहावं तर शेषरावचं. हे मी निवृत्तीनंतरही भेटेल त्याला सांगायचो. बायको म्हणायची, आता दात पडायला आले, तरी तुमचं रजिस्टर काही सुटत नाही.

मग दात खरंच पडले. उरलेले दवाखान्यात काढले आणि हिरड्या भरल्यावर मी कवळीसाठी जमशेदभाईंकडे गेलो. पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. पाटी जुनी, पत्र्याची : 'मा कवळीवाले.' या पाटीचा प्रत्येकजण आपापला अर्थ लावतो. इंझोरीची गोमतीबाई कवळी घासून घ्यायला येते तेव्हा बाहेर चप्पल काढते आणि पाटीला हात जोडते. तिला वाटतं, देवीचं नाव आहे. मला इतकी वर्षं वाटत आलं, की रंगवणाऱ्याने मा.चं टिंब खाल्लं आणि पुढचं नावही खाल्लं. मा. कोण कवळीवाले? अर्धवट पाटी. मी येता-जाता मनातल्या मनात ती दुरुस्त करायचो.

जमशेदभाई त्र्याहत्तर वर्षांचे. डोळ्यांची ठेवण थोडी वेगळी सोडली तर ते वाशीमच्या कोणाही म्हाताऱ्यासारखे दिसतात. दात उपटायचं काम त्यांनी केव्हाच सोडलंय, आता फक्त कवळ्या करतात. दुकानात तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. ज्याच्या तोंडाचं माप घेतलं त्याचा जबडा ते जपून ठेवतात, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्लास्टर चांगलं वाळलं की त्यावर सुईनं नाव कोरतात. रामराव. भागिरथा. जगदेव. यातली बरीच माणसं आता नाहीत, जबडे आहेत.

त्यांची दुसरी एक रीत मी ऐकून होतो. कवळी बसवली की ते माणसाला 'मा' म्हणायला लावतात. ओठाला ओठ अलगद लागला तर दातांची उंची बरोबर, ओढून लावावा लागला तर दात उंच झाले. त्यामुळे अर्ध्या वाशीमने नव्या दातांनी उच्चारलेला पहिला शब्द 'मा' हाच आहे.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हिरड्या बोटाने दाबून पाहिल्या आणि हात धुता धुता म्हणाले, "बाबू, तुमच्याजोगतं एक काम हाये. आमची अफ्रीन डॉक्टर झाली. दाताची."

"वा! पेढे कुठी हायेत?" मी म्हणालो. दातांवाचून माझ्या बोलण्यात नुसती हवा निघत होती.

"पेढे देतो, पह्यले ऐका. डिग्रीवर नाव छापून येईन शेख अफ्रीन. आमी शेख नाई."

"मंग कोन?"

"मा."

"मा कोन?"

"मा कोन काय? मा. आडनाव हाये आमचं. पाटीवर हाये ना!"

मी दाराकडे पाहिलं. आतून पाटीची मागची बाजू तेवढी दिसत होती, गंजलेली.

जमशेदभाईंनी मग सगळं सांगितलं. त्यांचे वडील मा युसूफ. चीनमधले मुसलमान. रेशमी कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन कलकत्त्याला उतरले, तिथे एका गाववाल्याकडे दात बसवायचं काम शिकले आणि फिरत फिरत एक्केचाळीस साली इकडे आले. "इतं जवळच, जऊळक्याच्या टेशनावर उतरले पाहा. पानी प्याले उतरले अन् गाडी निघून गेली. दुसरी गाडी येवापर्यंत तिनाचे दात बसोले. मंग म्हने, इतंच राहू." तिकडे आडनाव आधी लावतात, नाव मागून. म्हणून मा युसूफ, मा जमशेद, मा एजाज. एजाज हा जमशेदभाईंचा मुलगा, अफ्रीनचा बाप. त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि त्याला या भानगडीत फारसा रस नाही.

"माही नोंद तुमच्या शाळंत हाये. मा जमशेद म्हनून. गुरुजीनं वाचून दाखोली होती मले. एजाजपासून शेख लागलं. कसं लागलं, कोनाले मालूम."

"राजपत्रात नावबदल देऊन टाका," मी म्हणालो. "पंधरा दिवसांचं काम हाये."

"थ्याच्यात दोन रकाने हायेत, बाबू. जुनं नाव, नवं नाव. जुन्यात शेख लेहा लागते अन् नव्यात मा. मा काय नवं हाये काय? मी खोटं कायले लेहू?"

हे मला पटलं. कागदावर खोटं लिहायला मीही तयार झालो नसतो.

"विद्यापीठ म्हन्ते, तीस तारखेपर्यंत शाळेची दुरुस्ती आना. नाई आनली तं जे छापलं थे छापलं." त्यांनी टॉवेलला हात पुसले. "एजाजले एकच पोट्टी हाये. तिच्या कागदावर मा आला नाई तं माह्यामागं कोनीच नाई. पाटी उतरली का मा संपला."

"उतारा मी आनून देतो," मी म्हणालो. "माह्या रजिस्टरात हाये ना? मंग चिंता नाई. खाडाखोड सापडायची नाई तुमाले."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. माझ्या खुर्चीवर आता संगीता बसते. हुशार मुलगी आहे, मला काका म्हणते आणि मी आलो की उठून उभी राहते. कपाटातून तिने जुनी रजिस्टरं काढली. जमशेदभाईंची नोंद पाचच मिनिटांत सापडली. सन एकोणसाठ, बोरूचं अक्षर : 'मा जमशेद वल्द मा युसूफ.' स्पष्ट. माझ्या आधीच्या बाबूचा हात, पण चांगला हात.

"आता मुलाची पाहू," संगीता म्हणाली. "मधातली कडी पाह्यजे ना."

ब्याऐंशी सालचं रजिस्टर माझं. तीन वर्षांच्या नोकरीतला मी, चोवीस वर्षांचा. पान उघडलं आणि मला माझंच अक्षर दिसलं. 'मा एजाज मा जमशेद.' त्याच्यावर पट्टी लावून मारलेली लाल रेघ. वर निळ्या शाईत 'शेख एजाज शेख जमशेद.' आणि समासात, लाल शाईत, वळणदार : 'स्वतःचे नावापुढे मा. लावता येत नाही. कमी केले.'

मी ती ओळ तीनदा वाचली. तो दिवस मला आठवला नाही, अजूनही आठवत नाही. पण तो चोवीस वर्षांचा बाबू मला चांगला ठाऊक आहे. दाखल-फॉर्मवर बापाने स्वतःला माननीय लावलंय, पोरालाही माननीय लावलंय, हे उतरवून झाल्यावर लक्षात आलं तेव्हा तो आधी हसला असणार आणि मग त्याला राग आला असणार. रोज दहा जणांना मा. लावणाऱ्याला अशी हिंमत सहन होत नाही. मा. कापला तर नावापुढची जागा रिकामी राहिली. मुसलमान आहे, म्हणजे शेख असेल, असं त्याने ठरवलं असणार. विचारलं कोणाला नसणार.

अफ्रीनची नोंदही माझ्याच हातची निघाली. दोन हजार सात साल. बापाच्या दाखल्यावरून उतरवलेली, शेख अफ्रीन शेख एजाज. तिच्यात खाडाखोड नाही.

संगीता समासातली ओळ वाचून खो खो हसली. "अरे देवा! आडनाव माननीय समजून कापलं काय! काका, हे तं सोपं झालं. लेखनिकाची चूक म्हनून प्रस्ताव पाठोला का शिक्षणाधिकारी मान्यता देते. फक्त थ्या लेखनिकाचा जबाब पाह्यजे, का बाबा चूक माही हाये. कोन होतं तवा बाबू?"

तिने माझं अक्षर कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मी नोकरीला कधी लागलो हेही तिला ठाऊक नव्हतं. तिच्या काळात सगळं संगणकावर आलंय.

"पाहा लागीन," मी म्हणालो. "जित्ता हाये का तेबी पाहा लागीन."

असं बोलून मी घरी आलो.

पुढचे पाच दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. काही केलं नाही. सकाळी बाजार केला, दुपारी झोपलो. बायकोने विचारलं, जमशेदभाईंचं काम झालं का, तर म्हणालो, जुनं दप्तर आहे, वेळ लागतो. स्वतःची समजूत घालत होतो, की पोरगी डॉक्टर तर झाली. शेख म्हणून दात काढले काय आणि मा म्हणून काढले काय. पण खरं कारण एवढंच, की सदतीस वर्षांत मला एक मेमो नाही, आणि आता माझ्या सहीनं कागदावर 'चूक' हा शब्द आला असता. आणि तोही रजिस्टराच्या बाबतीत. तोंडात दात नाहीत हे चारचौघांत चालतं, हे चाललं नसतं.

सहाव्या दिवशी माप द्यायला जावंच लागलं. दुकानात अफ्रीन होती. पांढऱ्या कोटात, आजोबांच्या स्टुलावर बसून मोबाईल पाहत. जमशेदभाईंनी पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरला आणि माझ्या तोंडात कोंबला. "हलू नका, बोलू नका. चार मिनिटं."

"काका, उतारा भेटला?" अफ्रीनने विचारलं.

मी हाताने थांब म्हणून खूण केली. तोंडाने बोलता येत नव्हतं आणि त्याचं मला बरं वाटलं.

"मी शोधून काढलं, मा कुठून आलं ते," ती म्हणाली. "ऐका. तेवीसशे वर्षांमागं तिकडे चाओ नावाचं राज्य होतं. तिथं चाओ शे नावाचा एक माणूस होता. सारा वसूल करायचा. आपल्याकडचा तलाठी समजा ना. राजाच्या सख्ख्या भावानं सारा भरला नाही, तर यानं नियमानं त्याच्या नऊ कारभाऱ्यांना मृत्युदंड दिला. भाऊ म्हणाला, तुलेच मारतो. हा म्हणाला, तुमच्या घरानं नियम मोडला तर मग बाकीचे कायले पाळतीन? भावाले पटलं. त्यानंच राजाकडे त्याची शिफारस केली."

मी लगद्याभोवती डोळे मोठे करून ऐकत होतो. नियमाचा एवढा पक्का कारकून मी सदतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता, गोष्टीतही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पुढं तो सेनापती झाला, लढाई जिंकला. राजानं त्याले किताब दिला, मा-फूचा सरदार. त्याच्या पोरानातवांनी तो किताबच आडनाव म्हणून लावला. मग फू गळालं, मा राह्यलं. म्हणजे पाहा काका, मा हा मानाचाच शब्द होता."

"थे तुह्या मोबाईलचं," जमशेदभाई म्हणाले. त्यांचा अंगठा माझ्या वरच्या ओठाखाली साचा दाबून होता. "अब्बानं मले येगळं सांगतलं. तिकडच्या मुसलमानायनं नबींच्या नावातलं पह्यलं अक्षर घेतलं. तिकडं मुहम्मद 'मा'नं लेहतात. थो आमचा."

"दोन्ही खरं असू शकते, दादा," ती आजोबांना म्हणाली. "एकच आडनाव कितीक जागून येते. अक्षराचा अर्थ तर नुसता घोडा आहे." तिने बोटाने पान सरकवलं. "सहाशे वर्षांमागं एक दर्यासारंग होता, मोठी मोठी जहाजं घेऊन कालिकतले येऊन गेला. तोही मुसलमान, तोही मूळचा मा. बादशाहानं खूश होऊन त्याले दुसरं आडनाव दिलं अन् त्याचं मा गेलं. अन् आताचा तो अलीबाबा कंपनीवाला, तोही मा."

"अलीबाबा चीनमधी?" जमशेदभाईंना ते फार आवडलं. मग ते गंभीर झाले. "माह्या अब्बानं नाई जाऊ देलं पाहा, बाबू. बासष्ट साली चीनसंगं लढाई झाली. तिकडच्या लोकायले पकडून लांब छावणीत नेऊन राह्यले होते. मी धा वर्साचा. पोलीस दोनदा घरी आले. एक जमादार भला होता, थो अब्बाले म्हने, पाटी उतरव, लोकं दगड मारतीन. अब्बा म्हने, दगड मारतीन तं दात पडतीन, अन् दात पडले तं माह्यापाशीच येतीन. पाटी नाई उतरोली. साल दीड साल दर हप्त्याले ठान्यात हजरी लावली. कागदावर सही करे, मा युसूफ. एकबी दगड नाई आला, बाबू, वाशीमात. मा टिकला. मंग शाळंत कसा गेला, एवढंच मले समजत नाई."

चार मिनिटं झाली. त्यांनी साचा ओढून काढला. तोंड मोकळं झालं आणि दोघंही माझ्याकडे पाहत राहिले.

"उतारा?" अफ्रीनने पुन्हा विचारलं.

"पाहून राह्यलो," मी म्हणालो आणि चूळ भरली. तोंडात लगदा होता म्हणून बोललो नाही, तो निघाल्यावरही बोललो नाही. रस्त्याने घरी येताना मला स्वतःची किळस आली. एका युद्धात जे नाव पोलिसांना उतरवता आलं नाही, ते मी एका पट्टीने आणि लाल शाईने उतरवलं होतं. आणि ज्या कारकुनापासून ते नाव निघालं तो राजाच्या भावाला घाबरला नाही. मी कोणाला घाबरत होतो? संगीताला?

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. 'प्रति,' लिहिलं. पुढे हात सवयीने 'मा' लिहून टिंब द्यायला गेला आणि थांबला. मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर 'माननीय शिक्षणाधिकारी साहेब' असं पूर्ण लिहिलं. नोकरीत इतका वेळ मी कधी घालवला नव्हता, पण नुसता मा त्यांच्या घरचा होता, तो वापरायचा नाही असं ठरवलं. खाली जबाब लिहिला : 'सदर विद्यार्थ्याचे आडनाव मा असे असून ते मी माननीय या शब्दाचा संक्षेप समजून, "स्वतःचे नावापुढे मा. लावता येत नाही" असा शेरा मारून कमी केले व कोणासही न विचारता त्या जागी शेख असे लिहिले. ही चूक सर्वस्वी माझी आहे. विद्यार्थ्याचा अगर पालकाचा त्यात दोष नाही.' सही केली. अक्षर मात्र चांगलं आलं होतं.

सकाळी कागद शाळेत देण्याआधी जमशेदभाईंकडे गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग पुन्हा वरून वाचला.

"तुमी?" ते म्हणाले.

"मीच."

"अन् काल तोंड उघडून बसले होते माह्यापुढं."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

"एजाज एक दिस शाळेतून आला, मले म्हने, अब्बा, आपन शेख कवा झालो? मी म्हटलं, सरकारी कामात असंच राह्यते, बेटा. भांडाले गेलो नाई. मले वाटलं, बाबू शिकलेला मानूस हाये, थ्याले काईतरी मालूम अशीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काईच मालूम नोतं."

"नाई."

"इचाराचं तरी. गल्लीतच तं होतो मी."

मी माफ करा म्हणालो, पण दातांवाचून तो शब्द धड निघाला नाही. त्यांनी कानस उचलली आणि समोरची कुणाची तरी कवळी घासायला घेतली. बराच वेळ घासत होते. मी उठलो तेव्हा मान वर न करता म्हणाले, "एजाजची सही घेऊन ठेवतो अर्जावर. कवळी पुढच्या मंगळवारी भेटीन."

संगीताने जबाब वाचला तेव्हा ती हसली नाही. खुर्ची पुढे करून म्हणाली, "बसा काका," आणि प्रस्ताव तिने त्याच दिवशी पाठवला. मी रोज शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचो. तिथल्या नव्या पोरांनी जबाब एकमेकांना वाचून दाखवला, मी समोर बसलेलो असताना. दाखवू दिला. अठ्ठावीस तारखेला मान्यता आली. संगीताने माझ्या पानावर माझ्याच लाल रेघेच्या वर लिहिलं, 'मा एजाज मा जमशेद', आणि समासात आदेशाचा क्रमांक; अफ्रीनच्या नोंदीवरही तसंच. माझं स्वच्छ रजिस्टर आता दोनदा खोडलेलं आहे. शाळेच्या इतिहासात त्याच्याइतकं बरोबर पान दुसरं नसेल.

मंगळवारी दुकानात गेलो. अफ्रीन विद्यापीठात कागद देऊन आली होती, तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. डिग्रीचा नमुना होता : मा अफ्रीन. जमशेदभाई माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी फळीवरून माझा जबडा काढला, त्याच्यावरची कवळी सोडवली आणि पाण्यात बुडवली. प्लास्टरचा जबडा टेबलावर राहिला. त्याच्या कडेला सुईनं कोरलेलं नाव होतं.

'मा शेषराव.'

मी तो उचलून उजेडात धरला. इतर जबड्यांवर नुसती नावं आहेत हे मला माहीत होतं, तरी फळ्यांकडे पाहून खात्री केली. रामराव. भागिरथा. जगदेव.

"जमशेदभाई, हे चुकून पडलं काय?" मी विचारलं. "का टिंब राह्यलं?"

"थे तुमी पाहा, बाबू तं तुमी हाये," ते म्हणाले. "स्वतःच्या नावापुढं लावता येत नाई. तुमीच लेहेल हाये. दुसऱ्यानं लावलं तं चालते."

मी जबडा परत ठेवला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हातात काही नव्हतं. त्यांनी ओली कवळी माझ्या तोंडात सरकवली, अंगठ्यांनी दाबली, दोन पावलं मागे झाले आणि माझ्या ओठांकडे पाहू लागले.

"म्हना."

मला म्हणवेना.

"टोचते काय?"

मी मान हलवली. नाही.

"मंग म्हना ना."

"मा," मी म्हणालो.

ओठाला ओठ अलगद लागला.